पायथनमध्ये नावांची टक्कर: भलतंच मॉड्यूल उचललं गेलं तर काय करायचं

कोड बरोबर आहे, पॅकेज टाकलेलं आहे, पिप (पॅकेजं टाकणारं साधन) 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड' म्हणतोय आणि तरीही पायथन सांगतो की 'रॅन्डम' मॉड्यूलमध्ये 'रँडइंट' नावाचं काही नाही. अशा वेळी नवशिके आधी पॅकेज काढून परत टाकतात, मग पायथनच काढून परत टाकतात. त्याने काहीही होत नाही, कारण बिघाड तिथे नसतोच. तुमच्या मशीनवर एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात आणि पायथनने तुमच्या मनातली सोडून दुसरी उचललेली असते.

पायथन अशा वेळी 'दोन सापडली, कोणतं देऊ?' असं विचारत नाही. ठरलेल्या क्रमाने शोधतो, पहिलं सापडलं की थांबतो. इशारा नाही, वॉर्निंग नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी 'हे कुठून उचललंस?' एवढंच त्याला विचारायला शिका. निम्मे घोटाळे तिथेच सुटतात.

(कमांड आणि कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना नेहमीच्या रोमन अक्षरांत करायचे.)

## हाताशी काय हवं

- टर्मिनल. एडिटरचं 'रन' बटण नको. ते मागच्या मागे काय काय करतं ते आपल्याला दिसत नाही.
- पायथनची आवृत्ती: `पायथन --व्हर्जन`. ३.१३ किंवा त्यापुढची असेल तर उत्तम, का ते पुढे येईल.
- नेमका कोणता पायथन चालतोय त्याचा पत्ता: `पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"`
- एररचा संपूर्ण मजकूर. फक्त शेवटची ओळ नाही. या विषयात खरी माहिती मधल्या ओळींत असते.

## १. आधी विचारा: कुठून उचललंस?

ज्या फोल्डरमध्ये तुमची स्क्रिप्ट आहे त्याच फोल्डरमध्ये जा आणि हे चालवा:

`पायथन -सी "इम्पोर्ट रॅन्डम; प्रिंट(रॅन्डम.__फाइल__)"`

पायथनच्या इन्स्टॉलेशनमधला पत्ता आला तर ठीक. तुमच्याच प्रोजेक्टचा पत्ता आला तर चोर सापडला. 'त्याच फोल्डरमध्ये जा' हे मुद्दाम सांगतोय, कारण `-सी` वापरलं की पायथन तुम्ही उभे असलेल्या फोल्डरमध्ये आधी पाहतो. दुसरीकडून चालवलीत तर सगळं छान दिसेल आणि तुम्ही आणखी गोंधळाल.

दोन अडचणी येऊ शकतात. एक, `__फाइल__` च्या जागी 'नन' येतं किंवा असं काही नाहीच असा एरर येतो. 'सिस' किंवा 'टाइम'सारखं मॉड्यूल असेल तर ते पायथनच्या आतच बांधलेलं असतं, त्याला फाइल नसते. तसं नसेल तर `__पाथ__` प्रिंट करून पाहा; बहुधा एखादा साधा फोल्डरच पॅकेज म्हणून उचलला गेलेला असतो (पायरी ४). दोन, इम्पोर्टच फसतं, त्यामुळे पुढचं प्रिंट चालतच नाही. मग इम्पोर्ट न करता नुसता शोध घ्या:

`पायथन -सी "फ्रॉम इम्पोर्टलिब.युटिल इम्पोर्ट फाइंड_स्पेक; प्रिंट(फाइंड_स्पेक('ईमेल'))"`

हे मॉड्यूल चालवत नाही, फक्त कुठे सापडलं ते सांगतं.

## २. शोधाचा क्रम

हा भाग पाठ करण्याची गरज नाही, पण एकदा शांतपणे वाचा. `इम्पोर्ट अमुक` म्हटल्यावर पायथन या क्रमाने जातो:

1. `सिस.मॉड्यूल्स`. याच रनमध्ये त्या नावाचं काही आधी आणलेलं असेल तर तेच परत देतो, डिस्कवर बघतही नाही.
2. पायथनच्या आत बांधलेली मॉड्यूल्स. यादी `सिस.बिल्टइन_मॉड्यूल_नेम्स` मध्ये मिळते.
3. फ्रोझन मॉड्यूल्स, म्हणजे बाइटकोड (कोडचं पायथनने केलेलं अंतर्गत रूपांतर) आतच साठवलेली काही थोडी मॉड्यूल्स.
4. `सिस.पाथ` मधले फोल्डर, वरून खाली, एकेक करून.

सगळी भांडणं चौथ्या पायरीवर होतात. `सिस.पाथ` ची रचना साधारण अशी असते: सगळ्यात आधी तुमच्या स्क्रिप्टचा फोल्डर (`-एम` किंवा `-सी` ने चालवलं तर तुम्ही उभे असलेला फोल्डर), मग 'पायथनपाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधले फोल्डर, मग स्टँडर्ड लायब्ररी (पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स) आणि सगळ्यात शेवटी साइट-पॅकेजेस, म्हणजे पिपने टाकलेलं सगळं. तुमच्या मशीनवर नेमकं काय आहे ते `पायथन -एम साइट` दाखवतं.

म्हणजे तुमचा फोल्डर स्टँडर्ड लायब्ररीला हरवतो, आणि स्टँडर्ड लायब्ररी पिपच्या पॅकेजला हरवते.

पहिल्या पायरीचा एक परिणाम ज्युपिटर वापरणाऱ्यांना फार छळतो. चुकीची फाइल काढून टाकली, सेल परत चालवला, तरी तोच एरर. कारण जुनं मॉड्यूल `सिस.मॉड्यूल्स` मध्ये बसलेलं असतं. कर्नल रीस्टार्ट करा. आणि 'पायकॅश फोल्डर उडवा' हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. या प्रकारात त्याचा सहसा उपयोग नाही. मूळ फाइल गेली की `__पायकॅश__` मधली उरलेली पीवायसी (बाइटकोडची फाइल) पायथन ३ उचलत नाही. पायथन २ च्या काळात पीवायसी मूळ फाइलच्या शेजारीच पडायची आणि ती खरोखर त्रास द्यायची. सल्ला तेव्हापासून चालत आलाय.

## ३. फाइलचं नाव: सगळ्यात जास्त बळी इथे

मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहायची आहे. फाइलचं नाव काय ठेवाल? `ईमेल.पीवाय`. सगळे तेच ठेवतात. आत पहिल्या ओळीत `इम्पोर्ट एसएमटीपीलिब` आणि तिसऱ्या ओळीत सर्व्हरशी जोडणी. चालवल्यावर हे दिसतं:

```
फाइल "/होम/प्रोजेक्ट/ईमेल.पीवाय", लाइन १
    इम्पोर्ट एसएमटीपीलिब
फाइल "/यूएसआर/लिब/पायथन३.१२/एसएमटीपीलिब.पीवाय"
    इम्पोर्ट ईमेल.युटिल्स
फाइल "/होम/प्रोजेक्ट/ईमेल.पीवाय", लाइन ३
    सर्व्हर = एसएमटीपीलिब.एसएमटीपी(...)
ॲट्रिब्यूटएरर: पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल 'एसएमटीपीलिब'
हॅज नो ॲट्रिब्यूट 'एसएमटीपी' (मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट)
```

शेवटची ओळ वाचून माणूस सर्क्युलर इम्पोर्ट (दोन फाइलींनी एकमेकींना इम्पोर्ट करणं) शोधत बसतो. घडलं ते असं: तुमच्या फाइलने एसएमटीपीलिब मागितलं. एसएमटीपीलिबला स्वतःच्या कामासाठी स्टँडर्ड लायब्ररीतलं 'ईमेल' पॅकेज हवं असतं. पायथन शोधायला निघाला, तर पहिल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या, `ईमेल.पीवाय` मिळाली. ती त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवायला घेतली. या दुसऱ्या फेरीत एसएमटीपीलिब अजून अर्धवटच भरलेलं, त्यात 'एसएमटीपी' हा क्लास तयारच झालेला नाही.

ओळखायची खूण: ट्रेसबॅकमध्ये (एररच्या संपूर्ण मजकुरात) तुमची फाइल दोनदा, आणि मध्ये लायब्ररीची फाइल. असं सँडविच दिसलं की सर्क्युलर इम्पोर्ट विसरा आणि फाइलचं नाव बदला.

त्याच फोल्डरमधल्या दुसऱ्या, अगदी निरागस स्क्रिप्टलाही हा फटका बसतो. तिने `इम्पोर्ट युआरएललिब.रिक्वेस्ट` केलं, तरी आतून तीच 'ईमेल' मागवली जाते. मग एकतर तुमची मेल पाठवणारी फाइल नकळत चालते (हो, मेल खरोखर जाऊ शकते), नाहीतर "नो मॉड्यूल नेम्ड 'ईमेल.पार्सर'; 'ईमेल' इज नॉट अ पॅकेज" असा एरर येतो. 'इज नॉट अ पॅकेज' हे शब्द दिसले की संशय थेट नावावर घ्या.

झटपट चाचणी. पायथन ३.११ पासून `-पी` (कॅपिटल पी) हा पर्याय आलाय. `पायथन -पी ईमेल.पीवाय` असं चालवलं की स्क्रिप्टचा फोल्डर शोधाच्या यादीत घेतलाच जात नाही. एरर गायब झाला तर दोष तुमच्या फोल्डरमधल्याच एखाद्या फाइलचा, हे नक्की. हा कायमचा उपाय मात्र नव्हे. तुमची स्वतःची इतर मॉड्यूल्सही मग सापडणार नाहीत.

ही नावं टाळा, कारण ती सुचतात पटकन आणि नडतात हमखास: रॅन्डम, ईमेल, कॅलेंडर, स्टॅटिस्टिक्स, क्यू, कोड, टोकन, टाइप्स, स्ट्रिंग, सिलेक्ट, सॉकेट, कॉपी, इनम, जेसन, सीएसव्ही, लॉगिंग, टर्टल. `कोड.पीवाय` विशेष खोडकर: स्क्रिप्ट नीट चालते, पण डीबग करायला पीडीबी लावलं की मोडतं, कारण पीडीबीला आतून 'कोड' मॉड्यूल लागतं. एखाद्या नावाबद्दल शंका असेल तर ३.१० किंवा पुढच्या आवृत्तीत विचारून घ्या:

`पायथन -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट('कोड' इन सिस.एसटीडीलिब_मॉड्यूल_नेम्स)"`

'ट्रू' आलं तर दुसरं नाव शोधा.

आता गंमत अशी की `टाइम.पीवाय` किंवा `ओएस.पीवाय` ठेवली तर काही बिघडत नाही. 'टाइम' आत बांधलेलं, ते पाथच्या आधीच सापडतं. 'ओएस' पायथन सुरू होतानाच आणलं जातं, म्हणून `सिस.मॉड्यूल्स` मध्ये तयार असतं. उलट आता तुमचीच फाइल इम्पोर्ट होणार नाही आणि तुम्ही विचारात पडाल की माझं फंक्शन गेलं कुठे.

बाहेरच्या पॅकेजचं नाव स्वतःच्या फाइलला देणं हीसुद्धा त्याच जातीची चूक. नमपाय शिकायला घेतलं म्हणून `नमपाय.पीवाय`, पांडाज शिकायला घेतलं म्हणून `पांडाज.पीवाय`. नावाच्या आधी 'सराव_' लावा, विषय संपला.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१३ मध्ये एररचा मजकूर सुधारलाय. तुमची `रॅन्डम.पीवाय` आड येत असेल तर तो सरळ फाइलचा पत्ता देऊन 'हिचं नाव बदलून पाहा, स्टँडर्ड लायब्ररीत याच नावाचं मॉड्यूल आहे' असं सुचवतो. वरच्या मेलच्या उदाहरणात मात्र ही सूचना येत नाही, कारण तक्रार एसएमटीपीलिबबद्दल असते आणि ते खरंच असतं. तिथे सँडविच आपल्यालाच ओळखावं लागतं.

## ४. फोल्डरचं नाव

एकाच ठिकाणी `हिशोब` नावाचा फोल्डर (आत `__इनिट__.पीवाय`) आणि शेजारी `हिशोब.पीवाय` असेल तर फोल्डर जिंकतो. फाइल गुपचूप दुर्लक्षिली जाते. मोठी झालेली फाइल फोडून फोल्डर केला आणि जुनी फाइल उडवायची राहिली, की हे होतं. मग माणूस त्या जुन्या फाइलमध्ये तासभर प्रिंट टाकत बसतो आणि एकही उमटत नाही.

आत `__इनिट__.पीवाय` नसलेल्या फोल्डरची गोष्ट वेगळी. पायथन ३.३ पासून असा फोल्डरही पॅकेज म्हणून चालतो, त्याला नेमस्पेस पॅकेज म्हणतात. पण त्याचा नंबर अगदी शेवटी. पायथन त्याची नोंद घेतो आणि पुढे शोधत राहतो, पूर्ण `सिस.पाथ` मध्ये त्या नावाची फाइल किंवा नीट पॅकेज कुठेच नसेल तरच तो वापरतो. म्हणजे इथे 'पहिला सापडला तो जिंकला' हा नियम मोडतो.

याचा फटका 'टेस्ट' या नावाला बसतो. प्रोजेक्टमध्ये `टेस्ट` फोल्डर केला, आत `मदत.पीवाय` ठेवली, `फ्रॉम टेस्ट इम्पोर्ट मदत` लिहिलं आणि एरर आला. फोल्डर समोर दिसतोय, नाव बरोबर आहे. पण पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत 'टेस्ट' नावाचं स्वतःचं पॅकेज असतं (पायथनच्याच चाचण्यांसाठी), आणि त्यात `__इनिट__` असल्यामुळे तुमचा फोल्डर पहिल्या नंबरवर असूनही मागे पडतो. 'टेस्ट्स' असं अनेकवचनी नाव ठेवा. नाहीतर आत रिकामी `__इनिट__.पीवाय` टाका, पण मला पहिला मार्ग बरा वाटतो.

पायटेस्ट (चाचण्या चालवायचं साधन) वापरत असाल तर आणखी एक. दोन वेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाची टेस्ट फाइल असेल आणि त्या फोल्डरांत `__इनिट__.पीवाय` नसेल, तर 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' येतं. फाइलींना वेगळी नावं द्या किंवा दोन्हीकडे `__इनिट__` ठेवा.

## ५. पॅकेजच्या आतली फाइल थेट चालवू नका

`दुकान` नावाचं पॅकेज आहे. आत `__इनिट__.पीवाय`, `मेन.पीवाय` आणि `लॉगिंग.पीवाय`. यात गैर काही नाही. पॅकेजच्या आत स्टँडर्ड लायब्ररीसारखं नाव चालतं, कारण त्याचं पूर्ण नाव `दुकान.लॉगिंग` होतं. पांडाजच्या आतसुद्धा `पांडाज.आयओ.जेसन` आणि `पांडाज.आयओ.पिकल` आहेतच.

घोळ होतो चालवताना. `पायथन दुकान/मेन.पीवाय` असं चालवलं की `दुकान` फोल्डरच यादीत पहिला जातो आणि आतली `लॉगिंग.पीवाय` उघड्यावर येते. आता जो कोणी 'लॉगिंग' मागेल त्याला तुमची फाइल मिळणार, मग ती मागणी एखाद्या लायब्ररीच्या पोटातून का आलेली असेना. शिवाय `फ्रॉम . इम्पोर्ट लॉगिंग` लिहिलेलं असेल तर 'नो नोन पेरेंट पॅकेज' हा एरर वेगळाच.

प्रोजेक्टच्या मुळाशी उभे राहा आणि असं चालवा:

`पायथन -एम दुकान.मेन`

आता `इम्पोर्ट लॉगिंग` म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीतलं आणि `फ्रॉम . इम्पोर्ट लॉगिंग` म्हणजे तुमचं. दोघे सुखाने नांदतात. पायथन २ मध्ये हे असं नव्हतं; तिथे साधं `इम्पोर्ट लॉगिंग` आधी त्याच पॅकेजमध्ये शोधायचं. त्यामुळे फार जुना लेख वाचून करत असाल तर थांबा, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपलाय.

पायचार्ममध्ये चालतं आणि टर्मिनलमध्ये चालत नाही, अशी तक्रार याच घरातली. पायचार्म प्रोजेक्टचा मूळ फोल्डर स्वतःहून 'पायथनपाथ'मध्ये घालतो, टर्मिनल घालत नाही.

'पायथनपाथ'वरून आठवलं: हे व्हेरिएबल शेलच्या सेटिंगमध्ये कायमचं लिहून ठेवायला सांगणारे सल्ले मानू नका. त्यातले फोल्डर स्टँडर्ड लायब्ररीच्या आधी लागतात. 'इनम३४' हे पायथनच्या जुन्या आवृत्त्यांसाठी केलेलं पॅकेज साइट-पॅकेजेसमध्ये पडून असेल तर कोणाला त्रास देत नाही, कारण स्टँडर्ड लायब्ररीतलं 'इनम' आधी सापडतं. पण तोच साइट-पॅकेजेस फोल्डर 'पायथनपाथ'मध्ये घातला की ते पुढे येऊन बसतं आणि "मॉड्यूल 'इनम' हॅज नो ॲट्रिब्यूट 'इंटफ्लॅग'" असा एरर देतं. रेग्युलर एक्स्प्रेशनचं मॉड्यूलही त्याच्यावर उभं असल्यामुळे मग काहीच चालत नाही.

## ६. पिपचं नाव वेगळं, इम्पोर्टचं वेगळं

कागदावर एक नाव आणि घरात हाक मारायला दुसरं, तसा हा प्रकार आहे. पिपला द्यायचं नाव आणि कोडमध्ये लिहायचं नाव एकच असलं पाहिजे अशी सक्ती पायथनमध्ये नाही. नेहमी लागणाऱ्या जोड्या:

- पिपला 'पिलो', कोडमध्ये `पीआयएल`
- पिपला 'पायवायएएमएल', कोडमध्ये `वायएएमएल`
- पिपला 'ब्युटिफुलसूप४', कोडमध्ये `बीएस४`
- पिपला 'ओपनसीव्ही-पायथन', कोडमध्ये `सीव्ही२`
- पिपला 'सायकिट-लर्न', कोडमध्ये `एसकेलर्न`
- पिपला 'पायथन-डेटयुटिल', कोडमध्ये `डेटयुटिल`

सापळा असा की कोडमधलं नाव पिपला दिलं तर कधी कधी काहीतरी भलतंच इन्स्टॉल होतं आणि एररही येत नाही. आर्डुइनोशी बोलायला `इम्पोर्ट सिरियल` लागतं, म्हणून लोक 'सिरियल' टाकतात. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतो त्या सार्वजनिक साठ्यावर) त्या नावाचं पॅकेज आहेही, पण ते डेटा सिरियलाइज करण्याचं आहे. पोर्टसाठी 'पायसिरियल' हवं. दोन्ही स्वतःला `सिरियल` म्हणवतात. तसंच 'जेडब्ल्यूटी' आणि 'पायजेडब्ल्यूटी'. कोडमध्ये दोघांचंही नाव `जेडब्ल्यूटी`. वर्ड फाइलसाठी 'पायथन-डॉक्स' हवं. नुसतं 'डॉक्स' हे जुनं, पायथन ३ वर न चालणारं पॅकेज आहे.

नियम साधा: एरर बघून नाव ताडू नका. लायब्ररीच्या अधिकृत पानावर इन्स्टॉलची ओळ असते, ती उचला. आणि नेहमी `पायथन -एम पिप इन्स्टॉल ...` असं लिहा, नुसतं `पिप` नको. म्हणजे ज्या पायथनने चालवणार त्यातच पॅकेज पडेल.

## ७. एकाच नावावर दोन पॅकेजं

'सिरियल' आणि 'पायसिरियल' दोन्ही टाकली तर काय होतं? दोघांच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये पडतात, नंतर आलेला आधीच्याच्या फाइलींवर लिहितो. पिप अडवत नाही. ओपनसीव्हीत हे फार घडतं, कारण त्याचे चार अवतार आहेत: साधा, कॉन्ट्रिब, हेडलेस आणि कॉन्ट्रिब-हेडलेस. चौघांचंही इम्पोर्टचं नाव `सीव्ही२`. तुम्ही एक टाकता, एखादी दुसरी लायब्ररी तिच्या गरजेपोटी दुसरा ओढून आणते.

आता यातला एक अनइन्स्टॉल केला की सामायिक फाइलीही जातात आणि राहिलेला लंगडा होतो, पण `पिप लिस्ट` मध्ये तो दिसत राहतो. म्हणून अर्धवट काढू नका. त्या नावावरची सगळी पॅकेजं काढा आणि हवं ते एकच नव्याने टाका.

कोणत्या नावावर कोण बसलंय ते पायथन ३.१० पासून असं कळतं:

`पायथन -सी "फ्रॉम इम्पोर्टलिब.मेटाडेटा इम्पोर्ट पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स; प्रिंट(पॅकेजेस_डिस्ट्रिब्युशन्स()['सीव्ही२'])"`

यादीत दोन नावं आली तर टक्कर आहे. अपवाद `गूगल`सारख्या नावांचा: तिथे अनेक पॅकेजं जाणूनबुजून एकाच नेमस्पेसमध्ये राहतात.

नावाची ही टक्कर कुणी मुद्दाम घडवून आणली तर प्रकरण सुरक्षेचं होतं. कंपनीच्या आत वापरायच्या पॅकेजचं नाव बाहेर पायपीआयवर कोणीही नोंदवू शकतो. ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच दाखवून दिलं. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपालसारख्या कंपन्यांच्या यंत्रणांत त्याचा कोड पोचला होता. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चला प्रत्यक्ष झळ बसली. २५ ते ३० तारखेच्या दरम्यान ज्यांनी लिनक्सवर पिपने पायटॉर्चची नाइटली (रोज बनणारी, कच्ची) आवृत्ती टाकली, त्यांच्याकडे 'टॉर्चट्रायटन' या नावाचं पायपीआयवरचं घातकी पॅकेज आलं. पायटॉर्चच्या स्वतःच्या साठ्यातलं त्याच नावाचं खरं पॅकेज मागे राहिलं. नंतर त्यांनी त्याचं नाव बदलून 'पायटॉर्च-ट्रायटन' केलं आणि पायपीआयवर ते नाव स्वतःसाठी राखून ठेवलं.

म्हणून ऑफिसात `--एक्स्ट्रा-इंडेक्स-युआरएल` (पिपला पायपीआयशिवाय आणखी एक साठा दाखवणारा पर्याय) वापरत असाल तर जपून. पिप दोन्ही साठे सारखेच धरतो, आतल्याला झुकतं माप देत नाही. ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा तो निवडला जातो, आणि हल्लेखोराला ९९ लिहायला काय लागतं?

## ८. फाइलच्या आतली टक्कर

मॉड्यूल बरोबर आलं तरी नाव पुढे फाइलमध्ये पुसलं जाऊ शकतं. यातला सगळ्यात वाईट नग म्हणजे `फ्रॉम ओएस इम्पोर्ट *`. त्यासोबत 'ओएस'मधलं `ओपन` येतं आणि पायथनच्या नेहमीच्या `ओपन`वर बसतं. मग `ओपन('यादी.टीएक्सटी')` म्हटलं की 'फ्लॅग्ज' नावाची किंमत दिली नाही अशी तक्रार. ताऱ्याने इम्पोर्ट करू नका, एवढंच.

`डेटटाइम` तर जन्मतःच दुहेरी आहे: मॉड्यूलचंही तेच नाव, आतल्या क्लासचंही तेच. एका फाइलमध्ये `इम्पोर्ट डेटटाइम` आणि `फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेटटाइम` दोन्ही असतील तर खालची ओळ जिंकते. `इम्पोर्ट डेटटाइम ॲज डीटी` लिहायची सवय लावा.

आणि `लिस्ट = [...]`, `आयडी = ५`, `सम = ०` हे नकोच, पायथनची स्वतःची नावं त्याने झाकली जातात.

## ९. स्वतःच्या पॅकेजला नाव देताना

आधी स्टँडर्ड लायब्ररीच्या यादीत पाहा (पायरी ३), मग पायपीआयवर शोधा. पिपच्या दृष्टीने 'माझं-पॅकेज', 'माझं_पॅकेज' आणि 'माझं.पॅकेज' हे एकच नाव. रोमन अक्षरांत लहान-मोठं अक्षरही तो एकच धरतो. इम्पोर्टच्या नावात मात्र मधली आडवी रेघ चालत नाही, अंडरस्कोअर लागतो. जमेल तर दोन्ही नावं सारखी ठेवा; तुमच्यानंतर येणारे दुवा देतील.

आणि हो, पायथन ३ मध्ये मॉड्यूलचं नाव खरोखर देवनागरीत ठेवता येतं. `हिशोब.पीवाय` अशी फाइल आपल्या लिपीत करून `इम्पोर्ट हिशोब` लिहा, चालतं. टक्कर होण्याची शक्यता जवळपास शून्य! पण टीममध्ये वापरू नका, सगळ्यांकडे तो कीबोर्ड नसतो. शिवाय काही कीबोर्ड 'दुसऱ्या'मधला अर्धा र लिहिताना न दिसणारं जोडाक्षर-चिन्ह घालतात. ते नावात चालत नाही आणि डोळ्यांना न दिसणारा सिंटॅक्स एरर मिळतो.

## १०. तरीही सुटलं नाही तर

कोणालाही विचारताना हे सोबत द्या, म्हणजे उलट प्रश्नांत दिवस जाणार नाही:

- पायथनची आवृत्ती आणि `सिस.एक्झिक्युटेबल`
- `पायथन -एम साइट` चं उत्तर
- अडलेल्या मॉड्यूलचं `__फाइल__` किंवा `फाइंड_स्पेक` चं उत्तर
- स्क्रिप्टच्या फोल्डरमधल्या फाइलींची यादी
- `पायथन -एम पिप लिस्ट`
- पूर्ण ट्रेसबॅक, मजकूर म्हणून; स्क्रीनचा फोटो नको

फाइलींची यादी द्यायला लोक कचरतात, पण अनुभवी माणूस सगळ्यात आधी तीच मागतो. ट्रेसबॅक चिकटवण्याआधी त्यात पासवर्ड किंवा टोकन असलेली कोडची ओळ आलेली नाही ना, ते पाहून घ्या.